सेमिनारला ढल्केबर घ्यावं की भेरामारा?

रत्नागिरी-चिपळूणकडे इलेक्ट्रिकल डिप्लोमा करणाऱ्या आणि शेजारी देशांशी होणाऱ्या वीज देवाणघेवाणीवर सेमिनार द्यायचा असलेल्यांसाठी हे लिहितोय. निवड बहुधा दोनांत येते: नेपाळची मुझफ्फरपूर–ढल्केबर लाइन की बांगलादेशची बहरामपूर–भेरामारा. दोन्ही ४०० केव्ही (किलोव्होल्ट), डबल सर्किट, म्हणजे तारांचे दोन संच. फरक पलीकडच्या टोकाला आहे.

मिरकरवाड्यात दोन होड्या एकमेकींना बांधल्या की एकीचा हेलकावा दुसरीलाही बसतो. नेपाळचं ग्रिड, म्हणजे वीजजाळं, आपल्याशी असं एसीनेच बांधलंय. दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी एकच. भेरामाराला मात्र माल धक्क्यावर उतरवून दुसऱ्या होडीत चढवतात: एसीची डीसी, आणि त्याच आवारात पुन्हा एसी. मध्ये डीसी लाइनच नाही, म्हणून बॅक-टू-बॅक. किती मेगावॉट द्यायचे ते कंट्रोल रूममधून ठरतं. या केंद्राची क्षमता २०१३ साली ५०० मेगावॉट, २०१८ साली आणखी तेवढीच वाढली.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी हे केंद्र ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, आणि बांगलादेशभर अंधार पडला. भारताचं ग्रिड उभं राहिलं. कन्व्हर्टर (एसीची डीसी आणि पुन्हा एसी करणारं यंत्र) हेलकावा अडवतो, पण अचानक तुटलेली आयात भरून काढायला तिथल्या घरच्या ग्रिडमध्येच ताकद लागते. माझ्या मते या एका दिवसावर अख्खा सेमिनार उभा राहील.

ढल्केबर गणिताला सोपं. २०१६ मध्ये १३२ केव्हीवर सुरुवात, मग २२०, २०२० मध्ये ४००. त्याच तारांची क्षमता व्होल्टेजबरोबर कशी वाढते ते वहीत मांडता येतं. शिवाय पोफळीला वीज होते ती कोयनेत साठवलेल्या पाण्यावर. नेपाळची बहुतेक केंद्रं वाहत्या नदीवर. म्हणून पावसाळ्यात निर्यात, हिवाळ्यात आयात.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स पक्कं असेल तर भेरामाराच घ्या. उदाहरण म्हणून चंद्रपूर–पडघे दाखवाल, तर ती लांब पल्ल्याची डीसी लाइन आहे हे विसरू नका. भेरामाराची खरी बहीण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला आहे, तिथेही बॅक-टू-बॅकच.

जोडीने करणार असाल तर एकेक लाइन वाटून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशला पोचली: ढल्केबरवरून आत, भेरामाराकडे बाहेर.