क्वीन्समधली मोफत उन्हाळी शिबिरं: समर रायझिंग, एसवायईपी, कॉलेज नाऊ की लायब्ररी?

न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. मधले दहा आठवडे मुलांचं करायचं काय? आई-बाबा दोघंही नोकरीला, आजी-आजोबा पुण्याला नाहीतर नागपूरला, आणि खासगी कॅम्पची आठवड्याची फी ऐकूनच धस्स होतं. मोफत पर्याय आहेत आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. पण त्यांचे अर्ज थंडीतच, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, भरायचे असतात. मे महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर चौकशी करणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

आधी एक खुलासा. हे सगळं शहराच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे पाच विभागांत, राहणाऱ्यांसाठी आहे. आपली बरीच मराठी मंडळी शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, एडिसन, जर्सी सिटीकडे राहतात. तिथल्या मुलांना, आई-बाबा मॅनहॅटनमध्ये नोकरीला असले तरी, शहराच्या या शिबिरांत घेत नाहीत. त्या पाचांपैकी मी क्वीन्स धरून लिहिते आहे. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती २४ लाखांच्या घरात होती. जवळजवळ निम्मी माणसं अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर बंगाली, नेपाळी, तिबेटी, पंजाबी, स्पॅनिश असं सगळं कानावर पडतं. शिबिराच्या वर्गातही तीच सरमिसळ असते. नुकत्याच भारतातून आलेल्या मुलाला याचा मोठा आधार वाटतो, कारण इंग्रजी अडखळत बोलणारं ते एकटंच नसतं.

निवडताना आधी काय बघायचं

शिबिराचं नाव, शाळेची कीर्ती, विषयांची यादी हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारा की आपलं मूल तिथे रोज जाईल का. हा माझा नुसता आग्रह नाही. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने बॉस्टन, डॅलस, पिट्सबर्ग, रॉचेस्टर आणि फ्लोरिडातलं ड्युव्हल काउंटी इथल्या मोफत उन्हाळी वर्गांचा मोठा अभ्यास केला. २०१३ मध्ये तिसरीत असलेल्या मुलांना सोडत काढून प्रवेश दिला आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. प्रवेश मिळालेल्या मुलांचं गणित शरद ऋतूपर्यंत थोडं सुधारलेलं दिसलं. ठळक फायदा मात्र २० किंवा त्याहून जास्त दिवस हजर राहिलेल्या मुलांमध्ये दिसला. हजेरी सोडतीने ठरत नाही, नेमाने येणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थितीही वेगळी असू शकते, हे धरूनही कल स्पष्ट आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. जुलैमध्ये भारताचं तिकीट काढलं असेल, मावशीचं लग्न असेल, तर सहा-सात आठवड्यांच्या शिबिरात मूल दोन आठवडे जाईल. अशा वेळी कृपा करून ती जागा अडवू नका. रात्रपाळी करणाऱ्या कुणा आईला तीच जागा मिळाली असती, तर तिचं मूल दिवसभर घरात एकटं राहिलं नसतं.

समर रायझिंग: बालवाडी ते आठवी

२०२१ मध्ये, कोविडनंतर, शहराने हे शिबिर सुरू केलं. अलीकडच्या वर्षांत जागा लाखाच्या वर असतात. सकाळी शाळेचे शिक्षक भाषा आणि गणित घेतात. दुपारी वस्तीत काम करणाऱ्या संस्था चित्रकला, नाच, खेळ, सहली घेतात. न्याहारी आणि जेवण फुकट. नोकरी करणाऱ्या आई-बाबांचा पूर्ण दिवस भागवणारा हाच एक पर्याय आहे.

पण त्यातून काय मिळणार याचा नीट अंदाज हवा. सकाळचा भाग मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना हात देण्यासाठी असतो. ज्यांना उन्हाळी शाळा सक्तीची आहे अशी मुलंही त्याच वर्गात बसतात. तुमची मुलगी गणितात दोन इयत्ता पुढे असेल तर सकाळी तिला कंटाळा येणारच. 'सकाळी घरी ठेवतो, दुपारी खेळायला पाठवतो' ही सोयही प्राथमिक वर्गांना नाही, दिवस अख्खाच घ्यावा लागतो. याउलट, मूल वर्षभरापूर्वीच सोलापूरहून किंवा डोंबिवलीहून आलं असेल, वर्गात हात वर करायला बुजत असेल, तर त्याच्यासाठी हे सहा-सात आठवडे सोन्यासारखे आहेत. तिथे निकालाचं दडपण नसतं आणि दुपारी खेळताना इंग्रजी आपोआप सुटतं.

अर्ज मायस्कूल्स या शहराच्या शाळाप्रवेशाच्या वेबसाइटवर भरायचा आणि पसंतीक्रम द्यायचा. इथे पालक हमखास लांबची, नावाजलेली शाळा वर टाकतात. असं करू नका. उन्हाळ्यात ती इमारत तीच असली तरी शिक्षक आणि दुपारची संस्था वेगळी असू शकते. घरापासून चालत जाता येईल ती शाळा पहिली लिहा. आणि फोन करून एकच गोष्ट विचारा: दुपारचा भाग कोणती संस्था घेते? तीच संस्था वर्षभर तिथे शाळेनंतरचे वर्ग घेत असेल तर निर्धास्त व्हा, मुलांना आणि ताईंना एकमेकांची ओळख असते. शाकाहारी जेवणाचं, गोमांस टाळण्याचं पहिल्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं गर्दीत विरून जातं.

एसवायईपी: १४ ते २४ वर्षं

एसवायईपी म्हणजे समर यूथ एम्प्लॉयमेंट प्रोग्रॅम, तरुण मुलांना उन्हाळ्यात पगारी काम देणारी शहराची योजना. ती १९६३ पासून चालू आहे आणि अलीकडे दर उन्हाळ्यात सुमारे एक लाख मुलांना त्यात जागा असते. बऱ्याच जागा सोडतीने मिळतात. १४-१५ वर्षांची मुलं गटाने एखाद्या प्रकल्पावर काम करतात आणि त्यांना ठरावीक मानधन मिळतं. १६ च्या पुढच्यांना प्रत्यक्ष काम दिलं जातं: डे-केअर, दवाखाना, लायब्ररी, नगरसेवकाचं ऑफिस. आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास, सहा आठवडे, किमान वेतनावर. जानेवारी २०२६ पासून शहरातलं किमान वेतन ताशी १७ डॉलर आहे, म्हणजे पूर्ण तास भरले तर कर कापण्याआधी २,५५० डॉलर.

आपल्याकडे यावर नाक मुरडलं जातं. 'पैशाची काय गरज, त्यापेक्षा एसएटीचा, कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, अभ्यास करू दे.' मला हे पटत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने सकाळी वेळेवर पोचणं, अनोळखी वरिष्ठाशी बोलणं, स्वतःच्या पगाराची पावती वाचणं हे शिक्षणच आहे. मात्र कॉलेजच्या अर्जावर छान दिसेल एवढ्यासाठीच पाठवणार असाल तर थांबा. २००५ ते २००८ च्या सोडतींवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात या कामाचा कॉलेजप्रवेशावर किंवा पुढच्या कमाईवर चांगला परिणाम दिसला नाही. दिसलं ते हे: सोडतीत नंबर लागलेल्या मुलांमध्ये पुढे तुरुंगात जाण्याचं आणि अकाली मृत्यूचं प्रमाण कमी होतं. ज्या शहरात उन्हाळ्याची रिकामी दुपार काही मुलांना फार महागात पडते, तिथे सार्वजनिक पैसा यावर का खर्चावा, याचं उत्तर मला तिथेच मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण. या कार्यक्रमासाठी अमेरिकेत कायदेशीर काम करण्याची परवानगी लागते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला एच-४ व्हिसा मिळतो, आणि त्यावर असलेल्या मुलांना ती नसते. इथे जन्मलेली किंवा ग्रीन कार्ड असलेली मुलं बिनधास्त अर्ज करू शकतात. पण आई-बाबा एच-१बीवर आणि मुलाचा जन्म भारतातला, ही आपल्यातली अगदी नेहमीची स्थिती असेल तर हा दरवाजा बंद आहे. मुलाला हे अर्ज भरायच्या आधी सांगा. वर्गातले सगळे मित्र कामाला लागले आणि आपण का नाही, हे त्याला जूनमध्ये कळणं फार जिव्हारी लागतं.

कॉलेज नाऊ: हायस्कूलची अभ्यासू मुलं

अशा मुलांसाठी मी पहिलं नाव घेईन ते कॉलेज नाऊचं. क्युनी, म्हणजे शहराचं विद्यापीठ, सरकारी हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना कॉलेजचे विषय फुकट शिकवतं आणि पास झालं की क्रेडिट, म्हणजे पुढे पदवीत धरले जाणारे गुण, देतं. क्वीन्समध्ये लागार्डिया कम्युनिटी कॉलेज, क्वीन्स कॉलेज आणि क्वीन्सबरो या तिन्ही ठिकाणी हे चालतं. पगार नसल्यामुळे कामाच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. पात्रतेचे निकष प्रत्येक कॉलेजचे वेगळे, तेव्हा शाळेच्या समुपदेशकाला गाठा.

एसवायईपी आणि हे, दोन्ही शक्य असेल तर? अभ्यासाची सवय असलेल्या पण घराबाहेर तोंड न उघडणाऱ्या मुलाला मी कामाला पाठवेन. ज्याला कॉलेज म्हणजे आपल्यासाठी नाही असं वाटतं, त्याला कॉलेज नाऊला. आपण नेमकं उलटं करतो.

गणिताचं वेड असलेल्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी बीम ही संस्था अतिशय उत्तम मोफत शिबिरं घेते, पण तिथला प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या ठरावीक शाळांतून होतो. तुमची शाळा त्यात असेल तर ही संधी सोडू नका.

लायब्ररी: अर्ज नाही, सोडत नाही

क्वीन्स पब्लिक लायब्ररीच्या साठाहून जास्त शाखा आहेत. उन्हाळी वाचन, विज्ञानाचे प्रयोग, किशोरांसाठी वेगळे कार्यक्रम, थंडगार हॉल. उशिराचा दंड २०२१ मध्येच बंद झाला. व्हिसा कुणी विचारत नाही. कार्ड तर न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या जर्सीकरांनाही मिळतं. पण लायब्ररी म्हणजे पाळणाघर नव्हे. तास-दोन तासांचा कार्यक्रम संपला की लहान मुलाबरोबर कुणीतरी मोठं माणूस लागतंच. म्हणून घरी आजी आलेली असेल, किंवा जुलैचा निम्मा महिना भारतात जाणार असेल, तर लायब्ररी निवडा. मोठ्या मुलांना तिथे स्वयंसेवक म्हणून काम करता येतं आणि एच-४वर अडकलेल्या नववी-दहावीच्या मुलासाठी तो फार चांगला मार्ग आहे.

कुठलंही शिबिर घ्या, ऑगस्टचा उत्तरार्ध रिकामाच राहतो, कारण समर रायझिंग आणि एसवायईपी दोन्ही शाळा सुरू होण्याच्या काही आठवडे आधी संपतात. आपली रजा जुलैत उधळू नका, या दिवसांसाठी राखून ठेवा. शहराच्या मोफत जेवणाची ठिकाणं त्या काळातही शोधून ठेवा. १८ वर्षांपर्यंतच्या कुणालाही, नावनोंदणी किंवा ओळखपत्र न मागता, तिथे जेवण मिळतं. क्वीन्समधल्या ॲस्टोरियाचा पोहण्याचा मोठा तलावही सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत फुकट खुला असतो. जाताना स्वतःचं कुलूप न्या, त्याशिवाय आत सोडत नाहीत.