टेंट पेगिंगचा बांबू भाला: आधी काठी बघा, मग फाळ

घोडेस्वारीचं सामान विकणाऱ्यांकडे टेंट पेगिंगसाठी, म्हणजे भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याने उचलण्याच्या खेळासाठी, ॲल्युमिनियमच्या नळीचे आणि बांबूचे असे दोन्ही भाले मिळतात. हे परीक्षण बांबूच्या भाल्याचं आहे. त्याची घडण १८६८ सालच्या लष्करी नमुन्यावरून आलेली आहे. तो नमुना सुमारे ९ फुटांचा होता, त्याला तीन धारांचा पोलादी फाळ, मागच्या टोकाला लोखंडी टोपी आणि मुठीच्या जागी चामड्याचा पट्टा असे. आजच्या स्पर्धांत जास्तीत जास्त २.५ मीटर लांबी चालते, म्हणून जुन्या मापाचा भाला हौसेने घेतला तर तो भिंतीवरच राहील.

पैसे काठीचे मोजायचे. काठी भरीव नर बांबूची हवी आणि पेरं जवळजवळ हवीत, विशेषतः फाळाच्या बाजूला. सपाट फरशीवर ती लोळवली की बाक लगेच कळतो. शेकून सरळ केलेल्या काठीवर काळसर डाग असतात. ते वरवरचे असतील तर हरकत नाही, पण डागाजवळ नख रुतत असेल तर ती काठी घेऊ नये. गाठी हाताला टोचणार नाहीत इतपतच तासलेल्या असाव्यात. दिसायला गुळगुळीत व्हावी म्हणून पुष्कळ काठ्यांच्या गाठी पार सपाट केलेल्या असतात. त्यात बाहेरचे चिवट तंतू कापले जातात आणि काठी तिथेच मोडते. बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागलेली आहे, सवलत कितीही असो.

या भाल्याची खरी अडचण फाळाच्या खोबणीपाशी, म्हणजे काठी फाळात बसते तिथे आहे. पावसाळ्यात बांबू फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि फाळ खुळखुळू लागतो. काही कारागीर त्यावर जाड रिव्हेट ठोकतात, मग भोकापासून उभी चीर जाते. बारीक रिव्हेट, आतून इपॉक्सी आणि खोबणीच्या तोंडाशी घट्ट दोऱ्याचं वेष्टन, एवढं केलं की सांधा टिकतो. तयार मालात वेष्टन बहुधा नसतं, ते घरी करून घ्यावं. फाळ फार जाड नको, कारण जाड फाळाने लाकडी खुंटी चिरते आणि चिरलेली खुंटी वर येत नाही.

हलकी, ताठ आणि तरीही लवचीक अशा काठीवरच भारतीय रिसाल्यांचा भाला मशीनगनच्या काळातही हातात राहिला. पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत २० व्या डेक्कन हॉर्सने हाय वूडजवळ पिकात लपलेल्या जर्मन सैनिकांवर भाले रोखून हल्ला केला. हा रिसाला मूळचा हैदराबाद कंटिंजंटचा, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा, जिची एक छावणी मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होती. २० सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाइनमध्ये मगिद्दोजवळ सेकंड लान्सर्स या भारतीय रिसाल्याने तुर्की फळी फोडली आणि २३ सप्टेंबरला जोधपूर व म्हैसूर लान्सर्सने हैफा घेतलं. तलवार आडव्या पडलेल्या माणसापर्यंत नीट पोचत नाही, भाला पोचतो. ब्रिटिश सैन्याने १९२७ मध्ये युद्धशस्त्र म्हणून तो काढून टाकला. आज राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या हाती तो मानाने दिसतो.

खुंटी उचलण्याची क्रिया तेव्हाच्या वारासारखीच आहे. टोक लागताच हात मागे जाऊ द्यायचा, म्हणजे घोडा पुढे निघतो आणि भाला मुठीत फिरून मागे वळतो. मनगट ताठ ठेवलं तर सगळा झटका खोबणीच्या तोंडाशी बसतो आणि काठी तिथेच तुटते. म्हणून तोल हातात घेऊन पाहा. पुढे जड असलेला भाला टोक जमिनीत खुपसतो, आणि भरधाव घोड्यावर हे खांद्याला फार धोक्याचं आहे.

ॲल्युमिनियमला हवामान बाधत नाही आणि प्रत्येक नग सारख्याच वजनाचा मिळतो. शिकाऊ मुलांच्या वर्गाला मी तोच सुचवेन. पण नळी एकदा वाकली की सरळ केली तरी त्याच जागी पुन्हा वाकते, आणि हाताला बसणारा झटकाही कोरडा असतो. सराव पक्का झालेल्या स्वाराने बांबूच घ्यावा. चामड्याचा पट्टा मात्र बदलून घ्यावा, सोबत येणारा पातळ असतो आणि घामाने कडक होतो.

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, जवसाचं तेल पातळ चोळावं. भाला भिंतीला टेकवून ठेवला तर महिन्याभरात बाक धरतो. टोकाला जाड चामड्याची टोपी घालून तो उभा टांगावा.