चीपर बाय द डझन (2022): घर भरलेलं, गोष्ट जरा पातळ

2003च्या याच नावाच्या, स्टीव्ह मार्टिनवाल्या पिक्चरमध्ये बारा पोरं आणि सगळी गोरी, इथे मात्र झॅक ब्राफ गोरा बाप, गॅब्रिएल युनियन कृष्णवर्णीय आई, दोघांचंही दुसरं लग्न, शिवाय दत्तक घेतलेला हरेश. व्हीलचेअरवरच्या पोरीला कोणी बिचारी करत नाही, ती आपल्याच तोऱ्यात, हे भारी वाटलं. पण बाकीच्यांना दोन-दोन डायलॉग, हजेरी घेतल्यासारखे. बेस्ट म्हणजे आईचा पहिला नवरा या बापाला सुनावतो ना, की कृष्णवर्णीय पोरं वाढवणं काय असतं ते तुला नाही कळणार, तिथे पिक्चर खरा वाटतो, मग लगेच परत या कुटुंबाच्या नाश्त्याच्या हॉटेलचा गोंधळ सुरू (अरे थांबा की जरा!). मुलांसोबत एकदा बघायला ओके, तीन स्टार.