क्रिटा, पडदा नसलेला टॅबलेट आणि 'बुडीत': काही महिन्यांच्या वापरानंतर

कोणासाठी लिहितेय ते आधीच सांगते. लग्नपत्रिका, लोगो किंवा इन्स्टाग्रामच्या पोस्ट करायच्या असतील तर हा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. मी दिवसा नाशिकच्या अंबडमधल्या एका छापखान्यात द्राक्षांच्या आणि बेदाण्याच्या खोक्यांची डिझाइन करते. तिथे सगळं हिरवंगार, चकचकीत, भर उजेडातलं. रात्री घरी मात्र क्रिटा हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर उघडून एका व्हिडिओ गेमचं, म्हणजे खेळाचं, जग रंगवत बसते. हा खेळ कुठेच नाही. त्याच्या कोडची एक ओळ लिहिलेली नाही आणि लिहिली जाईल अशी चिन्हंही नाहीत. नाव तेवढं ठरलंय, 'बुडीत'. धरणाखाली गेलेल्या गावात एक मुलगी आजीचा तांब्याचा हंडा शोधायला उतरते. माणसं गाव सोडून गेली, पण बाकीचे रहिवासी तिथेच आहेत: विहिरीतला गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाणारी सटवाई आणि वाट चुकवणारा चकवा.

म्हणजे काम अंधार रंगवायचं. क्रिटा आणि संगणकाला जोडून पेनने रंगवायचा टॅबलेट, दोन्ही मी या एकाच कसोटीवर घासलेत.

क्रिटा फुकट आहे हे बहुतेकांना माहीत असतं. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या समुदायाच्या छत्राखाली १९९९ पासून चाललेला हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. अधिकृत संकेतस्थळावरून घेतलं तर पैसे लागत नाहीत. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात तेच सॉफ्टवेअर विकत मिळतं आणि तो पैसा पुढच्या विकासाला जातो. फुकट म्हणून घेतलं हे खरं, पण मी टिकले ते वेगळ्याच कारणासाठी, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नेहमीच्या ८ बिटच्या चित्रात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात. उजेडातल्या चित्राला त्या पुरून उरतात. पण तुमचं अख्खं चित्र खालच्या अंधाऱ्या पाचव्या हिश्शात असेल तर हातात राहतात जेमतेम पन्नास. पाण्याखालचा काळोख वरून खाली हळूहळू गडद करत न्यायचा म्हटलं की त्या पन्नास पायऱ्या डोळ्यांना दिसायला लागतात. पट्टे पडतात. क्रिटात नवी फाइल करतानाच १६ बिट निवडता येतं, मग पायऱ्या होतात ६५,५३६. पट्टे जातात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतर लेव्हल्स, म्हणजे उजेड-काळोखाचं प्रमाण, ओढून काळोखातलं काही वर आणायचं असेल तर तिथे खरंच काहीतरी शिल्लक असतं.

याची किंमत मेमरीत मोजावी लागते. ४००० गुणिले ४००० चा पूर्ण भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, ८ बिटला साधारण ६४ एमबी, १६ बिटला १२८ एमबी. लेयर पंचवीस-तीस झाले की १६ जीबी रॅमच्या मशीनची घरघर ऐकू येते. मी पाण्याचे लेयर अधूनमधून एकत्र करून टाकते. ज्यांना एकही लेयर सोडवत नाही त्यांनी रॅम वाढवावी.

आता चकवा. आमच्याकडे गोष्टीतला चकवा माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवतो, पहाटे माणूस निघालेल्या बांधावरच असतो. हे खेळात दाखवायचं कसं? क्रिटात डब्ल्यू दाबलं की रॅप-अराउंड मोड सुरू होतो: कॅनव्हास चारी बाजूंना आपलाच शेजारी होतो, उजवीकडून बाहेर गेलेला फटकारा डावीकडून आत येतो. जमीन, भिंती, पाणी यांचे बिनजोड तुकडे करायला ही सोय दिली आहे. मी तीत बाभळीचं अख्खं रान रंगवलं. खेळणारा कितीही चालला तरी तेच रान, तीच वाकडी फांदी, तोच दगड. फक्त एका तुकड्यात दगडावर शेंदूर आहे. तो ज्याला दिसला तो सुटला. हे मी कागदावर आधी योजलं नव्हतं. डब्ल्यू दाबून बसल्यावर सुचलं. पैसे मागणारी सॉफ्टवेअरंही हे करत असतील, पण इतक्या सहज, एका बटणावर, रंगवता रंगवता मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आरसा-ब्रशनेही बरंच दिलं. त्र्यंबकच्या पलीकडे मोखाडा-जव्हारकडे बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर नाच चालतो. तसे मुखवटे मला मुंजासाठी आणि गिऱ्ह्यासाठी हवे होते. आरसा लावून अर्धा चेहरा काढला की दुसरा अर्धा आपोआप तयार. पण तिथेच थांबलात तर तो चेहरा कारखान्यात साच्यातून काढलेला दिसतो, भीती अजिबात वाटत नाही. आरसा बंद करून एक डोळा खाली ओढायचा, एक दात तोडायचा, मग तो तुमच्याकडे बघायला लागतो.

ब्रश शंभराहून जास्त येतात. पहिल्या आठवड्यात सगळे चाळून घ्या आणि मग बोटांवर मोजण्याइतके ठेवा. एक कडक, एक कोळशासारखा, एक ओला मिसळणारा, एक पानांचा. आवडत्या ब्रशना टॅग लावला की उजव्या क्लिकवर येणाऱ्या गोल पॅलेटमध्ये ते दिसतात, रंगचक्रही तिथेच. धुक्याचे आणि ढगांचे तयार ब्रश मी काढूनच टाकले. अंधारी परीकथा म्हटलं की धुकं, मनोरा, लाल चंद्र, कावळ्यांचा थवा, हे हाताला आपोआप यायला लागतं, आणि मग नाशिकच्या मुलीचं गाव कुठल्यातरी परदेशी किल्ल्यासारखं दिसतं. आपल्या गोष्टी काय कमी काळ्या आहेत? चिऊ-काऊच्या गोष्टीत भिजलेला कावळा दारात कुडकुडत उभा असतो, चिमणी आतून एकेक सबब सांगत राहते, आणि काही घरांत तर तो शेवटी गरम तव्यावर बसून भाजतो. ही गोष्ट आपण दोन वर्षांच्या मुलांना भात भरवताना सांगतो!

खरा मसाला गोदाकाठाने दिला. गोदाघाटावर पुराचं माप दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर ठरतं. पाणी त्याच्या कमरेला, छातीला, गळ्याला लागलं यावरून अख्खं नाशिक पूर किती ते समजतं. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी चढलं की घंटा वाजते असंही जुने लोक सांगतात. 'बुडीत'मध्ये कुठेही आकडे किंवा पट्ट्या दाखवायच्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक चौकात एक दगडी मूर्ती ठेवली. पाणी तिच्या कुठपर्यंत आलंय ते बघायचं आणि पळायचं. निफाड तालुक्यात चांदोरीला नदीपात्रातली देवळं पाणी उतरलं की उघडी पडतात, ती पाहायला उन्हाळ्यात मुद्दाम गेले. दगडावर गाळाचे आडवे थर, जुन्या पाणरेघा. ते फोटो क्रिटाच्या रेफरन्स टूलने कॅनव्हासच्या शेजारी टांगून ठेवले. ते फाइलमध्येच जतन होतात, पण चित्रात छापले जात नाहीत. काळारामाच्या देवळाचा दगडही असाच नीट बघावा. पावसात भिजलेला तो काळा दगड काळा नसतोच, आभाळाचा राखाडी रंग त्यावर पसरलेला असतो. शुद्ध काळा रंग मी पॅलेटमधून तेव्हापासून हद्दपार केला.

हंड्याने मात्र छळलं. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषतं. काही मीटर खाली लाल आणि नारिंगी वस्तू मळकट तपकिरी-राखाडी दिसतात, म्हणून पाणबुडे रंग पाहायला सोबत दिवा नेतात. मग पाण्याच्या तळाशी तांब्याचा हंडा चमकणार कसा? शिवाय वर्षानुवर्षं ओलीत राहिलेल्या तांब्यावर हिरवी पुटं चढणार. भांडी बाजारात जाऊन जुने, डाग पडलेले हंडे पाहून आले. शेवटी नियम केला: एका चित्रात उबदार उजेड एकच, मुलीच्या हातातला कंदील. हंडा दुरून हिरवट-राखाडी, बाकी भांड्यांत मिसळून गेलेला. कंदील जवळ नेला तरच त्याचा लाल रंग परत येतो. क्रिटात हे सोपं आहे: हंड्याच्या गटात उजेडाचा लेयर वर ठेवून 'इनहेरिट अल्फा' लावलं की रंग हंड्याबाहेर सांडत नाही. सगळ्यात वर रंग काढून टाकणारा एक फिल्टर लेयर ठेवते, तो चालू-बंद करून करड्या छटेत चित्र वाचता येतं का बघते. करड्यात वाचता आलं नाही तर रंगांनी काही वाचत नाही.

आता टॅबलेट. कंपनीचं नाव देत नाही, कारण तुमच्या हातातला नग वेगळा निघू शकतो. चार हजारांच्या आतबाहेरचा, पडदा नसलेला, ८१९२ दाबपातळ्या, पेनला बॅटरी नाही. हात खाली आणि नजर समोर, याची सवय व्हायला थोडा वेळ जातो, मग मान दुखत नाही हा फायदाच कळतो. पेनवरचं बटण मात्र काही महिन्यांत सैल झालं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पेन वॉरंटीत येत नाही." नवं पेन घेतलं. खरखरीत पृष्ठभागावर निबही भराभर झिजतात. खोक्यात जास्तीच्या येतात त्या जपून ठेवा. दाब लागतच नसेल तर टॅबलेटला दोष देण्याआधी क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक या पेनचा दाब ओळखायच्या दोन पद्धतींतला दुसरा पर्याय निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. तिथेच दाबाची वक्ररेषा आहे. मी ती सुरुवातीला अगदी सपाट ठेवलीय, म्हणजे हलक्या हाताला अगदी पुसट छटा उमटते. अंधारात तीच लागते.

पडदा असलेला टॅबलेट घ्यावा का, असं दोघातिघांनी विचारलं. अंधाराचं काम करणार असाल तर ते पैसे आधी मॉनिटरवर घाला. माझा जुना मॉनिटर टीएन या प्रकारच्या पॅनेलचा होता, बघण्याचा कोन बदलला की त्यात छटा बदलते. मान जरा खाली घेतली की काळोखातली विहीर दिसायची, वर केली की गायब. कुठली छटा खरी मानायची? आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेतल्यावर तो प्रश्न मिटला. त्यानंतरही फोनवर बघणं सोडू नका. मी मावसभावाला फोनवर चित्र दाखवलं, दुपारी, गॅलरीत. तो म्हणाला, "ताई, हे तर बंद पडलेल्या मोबाइलसारखं दिसतंय." त्याच्या फोनवर ब्राइटनेस अर्धा होता, आणि लोक तसंच बघणार आहेत. तेव्हापासून सगळ्यात गडद महत्त्वाची आकृती आणि तिच्यामागची पार्श्वभूमी यांत मी मुद्दाम जास्त अंतर ठेवते.

मजकुराचं काम क्रिटात करू नका. मी वापरते त्या ५.२ मालिकेत मजकूर लिहायला वेगळी खिडकी उघडते. खेळाचं नाव आणि पाट्या मी इंकस्केप या दुसऱ्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून आणते. मोठ्या ब्रशला इन्स्टंट प्रीव्ह्यू, म्हणजे फटकारा आधी झटपट कच्चा दाखवणारी सोय, चालू ठेवा. आणि वीज जाते हे गृहीत धरून 'सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन' बोटाखाली ठेवा: कंट्रोल, ऑल्ट, एस. दर वेळी नव्या क्रमांकाची फाइल होते, जुनी तशीच राहते. डिस्क भरते, भरू दे.

शेवटी चित्र बाहेर काढताना १६ बिटमधून ८ बिट पीएनजी केली तर तिथे पट्टे परत डोकं वर काढू शकतात. त्याआधी सगळ्यात वर अगदी बारीक कणांचा एक लेयर घाला, अपारदर्शकता तीन-चार टक्के. रंगप्रोफाइल नेहमीच्या पडद्यांचं, म्हणजे एसआरजीबीच ठेवा. कण दिसायला लागले तर टक्का कमी करा, पट्टे दिसायला लागले तर वाढवा. प्रत्येक चित्राला तो आकडा थोडा वेगळा लागतो.