समलिंगी जोडप्यांसाठी वकिलांचं कागदपत्रांचं पॅकेज: काय घ्यावं, काय सोडावं

पुण्यात काही वकील समलिंगी जोडप्यांना एकरकमी फीमध्ये चार कागद करून देतात: सहजीवनाचा करारनामा, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी), बँक-विम्याचं नॉमिनेशन आणि मृत्युपत्र. फी वसूल होते ती शेवटच्या कागदात.

करारनामा सगळ्यात देखणा. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, दोघांचे फोटो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, त्यामुळे या कागदातून ना जोडीदाराचा दर्जा मिळतो ना वारसा. घराचं डिपॉझिट कोणाचं, कर्ज कोणी फेडायचं, एवढ्यापुरता ठीक. वेगळे पैसे मागत असतील तर सोडा.

कुलमुखत्यारपत्र 'हॉस्पिटलमध्ये उपयोगी पडेल' म्हणून गळ्यात मारतात. करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं आयसीयूत कुचकामी. त्याऐवजी आगाऊ वैद्यकीय निर्देश मागा, म्हणजे शुद्ध हरपल्यावर उपचारांचं काय करायचं आणि कोणी ठरवायचं हे आधीच लिहून ठेवणारा कागद: दोन साक्षीदार, वर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मानसिक आजारासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १४ आहे. त्यानुसार साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान माणसाला प्रतिनिधी नेमता येतं.

नॉमिनेशनसाठी वकील कशाला? २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयानेच स्पष्ट केलंय की बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हाउसिंग सोसायटीतही नाही. आयुर्विम्यात रकमेचा हक्कदार नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी, मुलंच होऊ शकतात. म्हणून पॉलिसीचा नंबर मृत्युपत्रात हवाच.

हयातीत फ्लॅट बक्षीस देण्याचा सल्ला ऐकू नका. कायद्याच्या नजरेत जोडीदार परका, म्हणून खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटी आणि मूल्य ५०,००० रुपयांच्या वर असलं की पूर्ण मूल्यावर घेणाऱ्याला प्राप्तिकर. मृत्युपत्राने दिलं तर दोन्ही नाही.

आता धर्माचा प्रश्न. 'मला हे पटत नाही, पण कागद करून देतो' म्हणणारा वकील चालेल का? खुशाल घ्या. मृत्युपत्रात नातं लिहावंच लागत नाही. पूर्ण नाव, वय, आधारवरचा पत्ता पुरतो. खरा धोका उत्साही वकिलाचा: तो 'माझे पती' लिहितो आणि भाऊबंदांना भांडायला आयतं निमित्त मिळतं. रक्ताच्या नातेवाइकांना का वगळलं, याचं एक शांत वाक्य मात्र हवं. हिंदूंना वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही. हे न विचारता छापील मसुदा पुढे करणाऱ्याकडून उठून यावं.

अंत्यविधीची इच्छा मृत्युपत्रात घालू नका, ते बहुधा दिवसकार्य उरकल्यावर उघडलं जातं. वेगळं पत्र करून जोडीदाराकडे आणि एका नातेवाइकाकडे द्या. अग्नी भावाने, फ्लॅट जोडीदाराला, अशी वाटणी श्रद्धाळू घरांतही पुष्कळदा पचते.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक, पण कराच. दुय्यम निबंधकाकडे जाताना मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडा. जोडीदाराला साक्षीदार करू नका. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं, तेव्हा दोन्ही साक्षीदार तुमच्याहून तरुण आणि शक्यतो पुण्यातलेच निवडा.