पद्मिनीचं पाणी जातंय कुठे: प्रेशर टेस्टर की निळं द्रव?

जुन्या प्रीमियर पद्मिनीत दर आठवड्याला पाणी घालावं लागतंय, पण गाडीखाली थेंबही नाही. गळती शोधायला मेकॅनिककडे दोन उपाय असतात.

प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप, इंजिन गार असताना रेडिएटरच्या तोंडाला लावायचा. रेडिएटरच्या कॅपवर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारा. पितळी रेडिएटरचे जुने सांधे जास्त दाबाने उसवतात. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला, तर टॉर्च घेऊन होजच्या (रबरी पाइपच्या) क्लॅम्पखाली आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी बघा. हिरवट-पांढरा डाग दिसला की चोर सापडला. गरम इंजिनवर वाफ होऊन उडणारी गळती इथेच पकडली जाते. कॅपही तपासून घ्या. बिचारी कॅप कोणी बघतच नाही.

निळ्या द्रवाची चाचणी चालू, तापलेल्या इंजिनवर होते. द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची, पाण्याची पातळी आधी थोडी उतरवून. द्रव पिवळं पडलं, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) गेलंय. होजची गळती या चाचणीला कळत नाही.

माझं मत: आधी टेस्टर. काटा उतरूनही बाहेर काहीच ओलं नसेल, तरच निळं द्रव. आणि रेडिएटर काठोकाठ भरत असाल, तर तापल्यावर जादा पाणी ओव्हरफ्लो नळीतून जाणारच. ती गळती नव्हे.