बिस्मथ फेराइटची फिल्म घ्यावी की नॅनोखांबांची?

एकाच ऑक्साइड फिल्ममध्ये (पातळ थरात) चुंबकत्व आणि फेरोइलेक्ट्रिक ध्रुवीकरण (आपोआप असलेलं, विद्युत क्षेत्राने उलटवता येणारं) दोन्ही हवं असेल, तर शेवटी प्रश्न या दोन वाटांवर येतो: एकसंध बिस्मथ फेराइट, किंवा बेरियम टायटनेटमध्ये उभे रुतलेले कोबाल्ट फेराइटचे नॅनोखांब. मी दोन्ही वाढवल्या आहेत.

गुणांच्या बाबतीत बिस्मथ फेराइटला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. ध्रुवीकरण ११०० केल्विनच्या आसपासपर्यंत टिकतं, चुंबकीय क्रम साधारण ६४० पर्यंत. २००३ साली त्याच्या फिल्ममधलं मोठं ध्रुवीकरण समोर आलं आणि सगळे या विषयाकडे वळले. ध्रुवीकरण बिस्मथमुळे, चुंबकत्व लोहामुळे. अशी सुरेख वाटणी क्वचितच सापडते.

पण याच वाटणीने मला छळलं. फिल्म वाढवताना सातशे अंश सेल्सिअसच्या जवळ बिस्मथ उडून जातं, लोह मागे राहतं. म्हणून टार्गेटमध्ये, म्हणजे ज्या गोळीतून फिल्मचं द्रव्य येतं तिच्यात, दहाएक टक्के बिस्मथ जास्तीचं घालतात. ते अंमळ जास्त झालं तर बिस्मथ ऑक्साइड उरतं, कमी पडलं तर लोहाची ऑक्साइडं. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण बिस्मथ फेराइटचं स्वतःचं चुंबकन घन सेंटिमीटरला जेमतेम काही ईएमयू (चुंबकत्व मोजण्याचं एकक) असतं आणि फिल्ममध्ये एक टक्का मॅघेमाइट (एक चुंबकीय लोह ऑक्साइड) असलं तरी तेवढाच सिग्नल मिळतो. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) त्याचा मागमूसही दिसत नाही. माझ्या एका नमुन्याचा स्क्विडवरचा (अतिसंवेदनशील चुंबकमापकावरचा) लूप, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलताना मिळणारा चुंबकनाचा आलेख, छान उघडला होता. त्याच खेपेचा दुसरा तुकडा स्टीलऐवजी प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरला, तर लूप जवळजवळ निम्म्यावर आला. तेव्हापासून प्रत्येक लूप पाहिला की आधी मनात यायचं, हे नक्की कुणाचं?

खांबांच्या फिल्ममध्ये हा संशयच उरत नाही. कोबाल्ट फेराइटच्या घनफळामागे साडेतीनशे ईएमयूपर्यंत चुंबकन मिळतं. त्यापुढे स्टीलच्या चिमट्यातून आलेले लोहाचे कण किरकोळ. पेरोव्हस्काइट (बेरियम टायटनेटची स्फटिकरचना) आणि स्पिनेल (कोबाल्ट फेराइटची) एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून एकाच टार्गेटमधून आलेले अणू गरम सबस्ट्रेटवर (फिल्मखालच्या आधारावर) आपणहून वेगळे होतात. शिवाय खांब उभे असल्यामुळे आडव्या थरांसारखी सबस्ट्रेटची पकड त्यांना जखडत नाही. नमुना तापवत नेला की ३९० केल्विनच्या सुमारास, बेरियम टायटनेटचं ध्रुवीकरण मावळताना, चुंबकनाच्या आलेखात एक छोटी पायरी पडते. माझ्या फिल्ममध्ये ती बारीक होती, पण दोन्ही गुण एकमेकांना धरून आहेत हे तिथे डोळ्यांना दिसलं.

विद्युतप्रवाहाची गळती मात्र इथे आहे, आणि ती खांबांतून होते. वरचे इलेक्ट्रोड मोठे ठेवले तर बरेचसे शॉर्ट होतात.

तुमचं ध्येय वरच्या धातूच्या थराचं चुंबकन विद्युत क्षेत्राने फिरवणं असेल, तर कदाचित बिस्मथ फेराइटच घ्यावं लागेल. २०१४ मध्ये त्याच्यावरच्या कोबाल्ट-लोहाच्या थराचं चुंबकन खोलीच्या तापमानाला १८० अंशांत उलटवून दाखवलं गेलं. खांबांकडून तसं काही मला जमलेलं नाही. पण दोन गुणांचं नातं स्वतःच्या नमुन्यात खात्रीने पाहायचं असेल, तर मी खांबांकडेच बोट दाखवीन. टार्गेट ६५ भाग बेरियम टायटनेट आणि ३५ भाग कोबाल्ट फेराइटचं घ्या, २००४ च्या पहिल्या कामात हेच प्रमाण होतं, आणि इलेक्ट्रोड जमतील तेवढे लहान ठेवा.